दोन परवा

माहा नाव लटारू. वडशाले आमची नाटक कंपनी हाय. मालक दुसराच हाय, पन तारखा मी सांभाळतो, म्हनून गावोगावचे लोक मलेच कंपनी समजतेत. शाळा म्हनाल तं चौथीतच सुटली. पहिले पडदा ओढाचो, मंग टरकावर बसाले लागलो, मंग या खुर्चीवर आलो. आपल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली का मंडई, म्हंजे गावोगावची जत्रा, सुरू होते, आन मंडईच्या रातीले नाटक पाह्यजे म्हंजे पाह्यजेच. पाव्हने येतेत, पोरी माहेरी येतेत, सोयरिकी जुळतेत. ज्या गावात नाटक नाई आला तो गाव सालभर तोंड लपवत फिरते. म्हनून मी म्हनतो, आमचा धंदा नाटकाचा नाई, तारखेचा हाय. एक तारीख दोन गावाईले देली का मेलो. देलेली तारीख विसरलो तरी मेलो.

आता गोष्ट सांगतो माह्या पुतन्याची, हेमराजची, आन त्याच्या बायकोची, दिव्यानीची. भाऊ वारला तवापासून हेमराज माह्याच घरी वाढला. खाली कंपनीचा आपिस, वरतं घर. मधात लाकडाचा माळा, त्याच्या फटी अशा का वरतं चमचा पडला तं खाली मी म्हनतो, उचला. पोट्टा कम्प्युटरचा शिकला, पुन्याले नोकरीले लागला, लॉकडाऊनमंदी वापस आला आन मंग गेलाच नाई. वरतं बसूनच पुन्याच्या कंपनीचा काम करते. लगन बी इथूनच झाला. पोरगी सिंदेवाहीकडच्या मेंढा गावची, ब्रम्हपुरीले बी.एस्सी. झालेली. तिचा बाप देवाजी मेंढ्याच्या नाट्यमंडळाचा अध्यक्ष. म्हंजे सोयरीक बी तारखेच्या धंद्यातूनच जुळली म्हना.

हेमराजले नोकरीशिवाय आनखी एक नाद होता. जगभरातले लोक मिळून एक मेलचा आन कॅलेंडरचा सॉफ्टवेअर बनवून राह्यले, ओपन सोर्स म्हनतेत त्याले. मीनं विचारला, मालक कोन? म्हने मालकच नाई. मंग पगार कोन देते? म्हने पगार बी नाई. मले काई समजे नाई. मंग मीनं माह्या हिशोबानं त्याले गावच्या बोडीवानी, म्हंजे लहान तलावावानी, समजून घेतला. पानी कोनीबी घ्या, गाळ कोनीबी काढा. पन बोडीचा पानी सोडाचा दार असते ना, तो मातर एकाच्याच हाती असते, नाई तं सगळ्याईचे बांध फुटतीन. तसाच इथी बी होता. जर्मनीचा एक म्हातारा होता, त्याच्याजवळ चाबी. लोक काम करून पाठवतेत, तो पाहते आन आत घेते.

त्या सॉफ्टवेअरचा पोट पक्का होता, जुना होता, पन त्याले तोंड बरोबर नोता. ब्राउजरमंदी उघडला तं सरकारी दवाखान्याच्या पाटीवानी दिसे. म्हनून नवे पेज बनवाचा काम चालू झाला. मेलचा पेज हेमराजनं घेतला, कारन तोच मोठा आन मानाचा. कॅलेंडरचा पेज कोनीच घेत नोता. तारखाईचा काम किचकट, कोनाचा आठवडा रविवारी सुरू होते, कोनाचा सोमवारी. दिव्यानी रोज स्वैपाक आटपून बाजूले बसाची, पाहाची, विचाराची. हेमराजनंच तिले शिकवला, हे खरा हाय. आन हेमराजच तिले म्हनला होता का घे तो कॅलेंडर, तुहा तेवढाच टाइमपास.

तिनं घेतला. आन मंग आपल्या इथी जे झाला ते असा झाला का दिवाळीच्या आधी दोघाईनं आपापले पेज माह्या आपिसात लावून देले. म्हने काका, तुमी वापरा आन अडचन सांगा.

आता मले सांगा, मले मेल कोन करते? मेंढ्याचा अध्यक्ष मले मेल करन का टरकाचा डायवर करन? मले लोक फोन करतेत, नाई तं डायरेक आपिसात येऊन बसतेत आन चहा पेल्याशिवाय उठत नाई. हेमराज रोज खाली येऊन विचारे, काका, मेलचा पेज पाह्यला का? मी म्हनो, पाह्यला रे, मस्त हाय. एक दिवस बिचाऱ्यानं वरतून मलेच मेल पाठवला. मीनं खालूनच आवाज देला, आला रे. झाला माहा मेलचा वापर.

पन कॅलेंडर? अरे बाप. तारीख टाकली का डायवर मंगरूच्या फोनवर वाजे, ऑर्गनवाल्याच्या फोनवर वाजे, नागपूरवाल्या हिरोइनच्या फोनवर वाजे. पहिले मी सकाळपासून सगळ्याईले फोन लावत बसो, अमका उचलत नाई, ढमका म्हनते तुमी सांगतलाच नाई. आता कोनी म्हनला सांगतला नाई, तं मी म्हनो, फोन काढ, दाखव. आकडे पाहून दिवस मोजाचा मले कंटाळा, तं सूनबाईनं माह्यासाठी आकड्याच्या जागी आज, काल, उद्या, परवा असा लिहून यावा अशी सोय केली. मी उघडला का तो माह्याशी बोलल्यावानी बोले. उद्या नवरगाव. परवा पोंभुर्णा. मी तं येईन त्याले सांगो, आमच्या सुनेनं केला हाय.

आन हेमराज तथीच बसून चहा पिऊन राह्यला असे.

मले तो चेहरा ओळखीचा होता. काऊन ओळखीचा, तं आमच्या आपिसासमोर, रस्त्याच्या पलीकडं, सुगंधाबाईची कंपनी हाय. पहिले नटी होती, आता मालकीन झाली. तिच्या टरकाले झेंडूची माळ घातलेली दिसली, म्हंजे आज तिचा खेळ हाय, का माहा चहा कडू. तिच्या दारात दोन गावचे लोक बसलेले दिसले का मी खिडकी लावून घेतो आन मंग फटीतून पाहतो. तं जवा हेमराज म्हनाले लागला का तिचा अर्धा काम मीनंच शिकवला, कॅलेंडर तं कोनीबी करते, खरा डोक्याचा काम मेलमंदी असते, तवा मले समजला का पोट्ट्यानं बी खिडकी लावली.

एक दिवस चहाच्या टपरीवर आमचा नवा ऑर्गनवाला त्याले म्हनला, तुमी दिव्यानीबाईचे मिस्टर ना? वडशात, जथी तो लहानाचा मोठा झाला, तथी. घरी आला तं जेवला नाई. मंग त्या सॉफ्टवेअरवाल्या लोकाईनं त्याईच्या वेबसाइटवर नव्या पेजचा फोटो लावला, सगळ्यात वरतं. तो बी कॅलेंडरचाच लावला. दिव्यानी खुशीत वाटीभर शिरा घेऊन खाली आली. मी म्हनलो, तुहा नवरा कुठी हाय? म्हने मामाजी, डोका दुखते म्हनते, झोपले हायेत.

त्याचा सगळा जीव त्या चाबीवर होता. जर्मनीचा म्हातारा थकला होता, म्हने आता मी चाबी कोनाले तरी देतो. हेमराज किती दिवसापासून तथी राबून राह्यला, नोकरीतून वेळ काढून. त्याले वाटे चाबी आपल्याशिवाय कोनाले जानार? वडशातून, या माळ्यावरून, जगाचा काम आपन आत घेऊ का बाहेर ठेवू, हे आपल्या हाती. त्याचा तोंड तो बोलताना असा होऊन जाय का मले बी वाटे, मिळो बिचाऱ्याले.

आनखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारन पुढं लागन. त्या लोकाईत नियम हाय का कोनाचाबी काम दुसऱ्यानं पाह्यल्याशिवाय चाबीवाल्याजवळ जात नाई. पाहनारा खाली लिहिते, पाह्यला, ठीक हाय. आन त्या सगळ्याईत मराठी समजनारा हेमराज एकटाच. म्हनून दिव्यानीच्या पेजवरचा मराठी हेमराजनंच पाहाचा. त्यानं पाह्यला होता, आन खाली लिहला होता, ठीक हाय.

मंडयाईचा जोर होता तवाची गोष्ट. दिव्यानी आदल्याच दिवशी माहेरी गेली होती, कारन मेंढ्याची मंडई जवळ आली, लाखोरीच्या दाळीचे वडे कराले मायले हात पाह्यजे. मी सकाळी आपिसात, समोर हेमराज चहा पिऊन राह्यला. देवाजीचा फोन आला. लटारूभाऊ, इथी मांडव पुरा झाला, गाडी कवा पोचते ते सांगा, पोट्टे विचारून राह्यले. मी म्हनलो थांबा, पाहून सांगतो. कॅलेंडरच्या वरतं एक खन हाय शोधाचा, त्याच्यात लिहला, मेंढा. आन खाली दोन ओळी आल्या.

परवा, मेंढा, नाटक.

परवा, मेंढा, नाटक.

दोन्ही सारख्या. मीनं देवाजीले सांगतला का टरक दुपारी पोचन, आन फोन ठेवला. पन ते दोन परवा माह्या डोक्यात घुसले. मले वाटला का एकच तारीख दोनदा चढली. माह्याच हातानं चढली असन, बोट जाड हायेत माहे. आता सगळ्याईचे फोन दोनदा वाजतीन, ते मले हसतीन.

स्क्रीन हेमराजकडं फिरवला आन विचारला, "हेमराज, हा दोनदा कसा आला रे?"

त्यानं पाह्यला. एवढ्या दोन ओळी वाचाले जेवढा वेळ लागते त्याच्याहून जास्त वेळ पाह्यला. मंग कप उचलला.

"पेज तिचा हाय काका," तो म्हनला. "तिलेच विचारा."

आता त्या पोरीचे हात तथी पिठात, तिले काहाले फोन कराचा दोन ओळीसाठी. मीनं म्हनला, काढू का एक? तो म्हनला तुमची मर्जी. मीनं खालची ओळ काढली. कॅलेंडरनं मले विचारला बी, सगळ्याईच्या फोनवरून काढाचा का? मीनं हो दाबला. हेमराज चहा पेऊन वरतं गेला.

संध्याकाळी दिवेलागनीले तो खाली उतरला आन दारात उभा राह्यला. मी हिशोब करत होतो. म्हनला, म्हाताऱ्यानं सगळ्याईले लिहला, चाबी दिव्यानीले द्याचा विचार हाय म्हने, कोनाले काई बोलाचा असन तं बोला. मीनं म्हनला, अरे वा, घरातच आली. तो म्हनला, हव. आन अनवानी पायानं रस्त्यावर निघून गेला, नदीच्या बाजूले.

दुसऱ्या दिवशी आमची सुट्टी होती. हेमराज मोटरसायकल घेऊन मेंढ्याले गेला, जवाई म्हनून. जाताना मले काईतरी बोलाचा असल्यावानी दोनदा वापस वळला. दुसऱ्यांदा वळला तवा विचारला, काका, पेट्रोल आज भरून ठेवू का उद्याले? मीनं म्हनला, तुही गाडी, मले काय विचारतं.

मंडईच्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कुंकवाचा टिळा लावून मी आपिस उघडला. टरक दारात उभा. रिकामा. पडदे गोदामातच. मी म्हनलो मंगरू आला नाई काऊन? फोन लावला. तो धानोऱ्याकडं बहिनीच्या घरी बसून भात खाऊन राह्यला. म्हनला भाऊ, आज तं खेळ नाई, माह्या फोनवर होता तो मिटला, मीनं म्हनला गाववाल्याईनं रद्द केला असन. ऑर्गनवाल्याले लावला, तो दुसऱ्या कंपनीसोबत गोंदियाकडं. हिरोइन नागपूरले पोचली, पोराच्या शाळेत गॅदरिंग हाय म्हने. मीनं कॅलेंडर उघडला, मेंढा शोधला. एकच ओळ आली. आता तिच्यात परवा नोता, तारीख होती, आन तारीख गेलेली होती. धानोऱ्याकडचा मेंढा.

मंग उजेड पडला. दोन मेंढे होते. एक धानोऱ्याकडचा, तथचा नाटक त्या सकाळच्या दोन दिवस आधी झाला होता, आन झालेला नाटक मी डोक्यात ठेवत नाई, पडदा पडला का विसरलो. दुसरा सिंदेवाहीकडचा, माह्या सुनेचा माहेर, तथचा दोन दिवसानं होनार होता. मागचा बी परवा, पुढचा बी परवा. आपन बोलतो तवा काई बिघडत नाई. परवा आला म्हनला का मागचा, परवा येईन म्हनला का पुढचा, ऐकनारा समजून जाते. पन त्या पेजवर आला बी नोता आन येईन बी नोता. नुसता परवा. आन मी होनारा मिटवून झालेला ठेवला होता.

दिव्यानीले फोन लावला. मीनं सगळा सांगतला. मंग हळूच म्हनली, "मामाजी, दोन्ही परवाच होते ना?" मी म्हनलो हव. म्हनली, मी बाबाले सांगते. तुमी कोनालेतरी घेऊन या. कोनालेबी आना, पन मांडव रिकामा नोका ठेवू.

कोनालेबी म्हंजे कोनाले, हे तिले बी माहीत होता आन मले बी. मंडयाईच्या दिवसात रिकामी कंपनी कुठी भेटते? मीनं खिडकीच्या फटीतून पाह्यला. रस्त्यापलीकडं सुगंधाबाईच्या अंगनात तिचे कलाकार ऊन खात बसले होते. टरकाले माळ नोती.

एवढ्या वर्षात मीनं तो रस्ता ओलांडला नोता. पलीकडच्या पानठेल्यावर जाचा असला तरी मी चौकातून फिरून जात होतो. त्या दिवशी सरळ गेलो. बाई दाळ निवडत बसली होती. मले पाहून तिनं सूप खाली ठेवला नाई.

"लटारूभाऊ," ती म्हनली, "आज रस्ता लहान झाला का?"

मीनं सगळा सांगतला. तिनं कलाकाराईसमोरच ऐकला, मधात दोनदा म्हनली, मोठ्यानं सांगा, तबलेवाल्याले आयकू नाई येत. मंग म्हनली का येतो, गावाले उपाशी ठेवाचा नसते. पन एक गोष्ट. स्टेजवरून नाव माह्या कंपनीचा पुकाराचा, आन तो तुमी पुकाराचा, तुमच्या तोंडानं. मीनं म्हनला बरा हाय. तिनं आत आवाज देला, झेंडू काढा रे.

तिच्याच टरकात बसून मी मेंढ्याले गेलो. मंडई भरली होती. पिपान्या वाजून राह्यल्या, गोडशेव, मुरमुरे, बांगड्याईची दुकानं, लेकरं पाळन्यात. लोक टरकावरचा नाव वाचत आन मंग माह्या तोंडाकडं पाहत. देवाजीच्या अंगनात पोचलो तं देवाजीनं नुसता पानी देला. इतक्या सालाची सोयरीक, आन पानी असा देला जसा वसुलीवाल्याले देतेत.

पडवीत हेमराज बसला होता, पाटावर, जवाई म्हनून. पुढं ताट, ताटात लाखोरीचे वडे, आन तो एक वडा घेऊन सकाळपासून तोच चावून राह्यल्यावानी दिसे. दिव्यानी बाजूच्या खाटेवर लॅपटॉप घेऊन बसली होती. डोळे लाल, पन आवाज बरोबर. बापाले म्हनली, बाबा, यात लटारूमामाजीची चूक नाई, माही हाय. पेजवर दोन येगवेगळ्या दिवसाईले मीनं एकच शब्द लिहला. मीनं त्या सॉफ्टवेअरवाल्या सगळ्याईले कळवून देला का चूक माही, आन चाबी मले नोका देऊ, हेमराजले द्या, त्याईचा काम माह्याहून जुना हाय.

देवाजीले चाबी म्हंजे काय ते समजला नाई, पन जवाईले काईतरी मिळाला एवढा समजला. तो पहिल्यांदा जराक हसला. म्हनला, चला, घरातच राह्यली.

दिव्यानी हेमराजकडं वळली. टोमना नोता तो, मी तथीच होतो, मीनं आयकला. बिचारी त्याले धीर देल्यावानी बोलली. "तुमी बी पाह्यला होता ना हा? तुमच्या बी नजरेतून सुटला."

आता पाहा, दार उघडाच होता. नुसता हव म्हनाचा. चाबी हातात, बायको बाजूले, सासरा खुश, ताटात वडे. मी असतो तं म्हनलो असतो, खोटा काहाले बोलू. मी सुगंधाबाईच्या एका तारखेसाठी याच्याहून मोठे हव म्हनलो असतो.

हेमराजनं वडा ताटात ठेवला.

"नाई," तो म्हनला. "दिसला होता."

"कवा?"

"पहिल्याच दिवशी. आन काकानं दाखवला तवा बी."

बाहेर पाळनावाला ओरडून राह्यला होता. देवाजी एकदा पोरीकडं पाहे, एकदा जवाईकडं, आन मंग माह्याकडं, का तुमी तरी सांगा.

दिव्यानीनं विचारला, "मंग ठीक हाय काऊन लिहला?"

"तुही चूक निघावी म्हनून," हेमराज म्हनला. "सगळ्याईसमोर. चाबीच्या आधी. संध्याकाळी मीच लिहनार होतो का चूक हाय, आन मेंढ्याची तारीख वापस टाकनार होतो. मंग म्हाताऱ्याचा मेल आला, तुह्या नावाचा. मंग माहा हातच नाई चालला."

मले वाटला आता ही रडन, नाई तं उठून आत जाईन आन चार दिवस माहेरीच राहीन. तिनं तसा काईच केला नाई. ती उठली, खांबाले अटकवलेला टावेल काढला, त्याच्या अंगावर टाकला, तेलाचे हात पुसाले. आन लॅपटॉप त्याच्या पाटासमोर ठेवला.

"हा बी लिहा," ती म्हनली. "मराठीत नोका लिहू. सगळ्याईले समजन असा लिहा."

त्यानं हात पुसले. लिहाले लागला. ती मांग उभी राहून वाचे. एक जागी तिनं बोट ठेवला आन म्हनली, नजरचुकीनं नाई, जानूनबुजून लिहा. त्यानं ते बदलला. पाठवला. देवाजी मले बाजूले घेऊन विचारे, भाऊ, भांडन होऊन राह्यला का नाई होऊन राह्यला? मी म्हनलो, होऊन राह्यला, पन टाइप करून होऊन राह्यला.

मंग तिनं तथीच बसून पेज सुधारला. मागच्याले लिहला, परवा झाला. पुढच्याले लिहला, परवा हाय. पन नियम तं नियम हाय, दुसऱ्यानं पाह्यल्याशिवाय आत जात नाई, आन मराठीवाला दुसरा कुठून आनाचा? तं तिनं त्यालेच पाहाले लावला. एक एक शब्द मोठ्यानं वाचाले लावला, शाळेतल्या पोट्ट्यावानी. आज. उद्या. परवा हाय. काल. परवा झाला. घरातल्या बायका वडे तळता तळता आयकत होत्या आन एकमेकीकडं पाहून हसत होत्या. ताट तसाच थंड झाला. सासूनं दुसरा आनला तं दिव्यानी म्हनली, माय, थांब, त्याईचा अजून झाला नाई.

दिवस मावळता मावळता मी स्टेजवर चढलो. पेट्रोमॅक्स गेले, आता लाइटी हायेत, त्या डोळ्यात घुसतेत, समोरचा कोनी दिसत नाई, हे एक बरा होता. मीनं माइक धरला आन सुगंधाबाईच्या कंपनीचा नाव पुकारला. पुरा पुकारला, वडसा-देसाईगंजची सुप्रसिद्ध असा लावून पुकारला, कारन विंगेत ती उभी होती आन बोटानं खुनावत होती का सुप्रसिद्ध राह्यला. लोकाईनं टाळ्या अशा वाजवल्या का आमच्या कंपनीले तशा कवा वाजल्या ते मले आठवत नाई. नाटक बी चांगला झाला. मी सांगनार नोतो, पन झाला.

हेमराजचा तो कबुलीचा मेल वाचून जर्मनीच्या म्हाताऱ्यानं काई दिवस चाबी कोनालेच देली नाई. म्हने घरातला भांडन आधी मिटू द्या, मी अजून मेलो नाई. होळीच्या आसपास त्यानं ती दिव्यानीले देली. त्या दिवशी हेमराज माह्याजवळ येऊन बसला, चहा पेला, आन म्हनला, काका, मी जळून राह्यलो. मी म्हनलो, दिसते. म्हनला, तिले सांगून आलो. मीनं विचारला, मंग ती काय म्हनली? म्हने, लवकर जळून घ्या, माह्या पेजमंदी काम पडून हाय, पाहाचा हाय.

आता त्याचा असा चालते. दिव्यानीनं काई नवा केला का तो भिंग लावल्यावानी पाहते. चूक सापडली का वरतून एवढ्या आनंदानं ओरडते का खाली माह्या टेबलावरचा कप हालते. सापडली, सापडली. ती वरतून म्हनते, लिहा मंग. आन तो लिहिते. मेलचा पेज बी चालते त्याचा, त्या दूरच्या देशाईत लोक वापरतेत म्हने. मी अजून बी नाई वापरत.

मेंढ्याची पुढच्या सालची तारीख सुगंधाबाईनं मारली. देवाजीनं मले फोन करून सांगतला, चांगल्या शब्दात सांगतला. बरा. एवढ्यावर झाला असता तरी मी सोसला असता. पन परवा, म्हंजे परवा झाला तो, बाई रस्ता ओलांडून आमच्या आपिसात आली, आन माह्याकडं न पाहता सरळ जिन्यानं वरतं गेली. तिले बी कॅलेंडर पाह्यजे होता. आन दिव्यानीनं लावून देला. फुकट. चहा पाजून. मी जिन्याच्या अर्ध्यात उभा राहून आयकत होतो.

बाई गेल्यावर मीनं सुनेले विचारला, "तिचा पेज माह्यापेक्षा चांगला तं नाई केला ना?"

"मामाजी," ती म्हनली, "पेज एकच हाय."

एकच हाय, हे मले बी समजते. बोडीचा पानी, कोनाले नाई म्हनता येते? पन बाई आता संध्याकाळी अंगनात खाटेवर बसून फोन पाहते, आन मीनं फटीतून पाह्यला हाय. पेज एकच हाय. तिच्यावाल्यात तारखा जास्त दिसतेत.